धुंधुरमासातलं कासव

तलवाड्याच्या गहिनीनाथ पाटलांच्या घरी देव आला तो वेताच्या टोपलीतून, आणि आणला तो गिरदावर साहेबांनी.

गौससाहेब हे गेवराई तहसिलीचे गिरदावर, महसुलाचे अंमलदार. पीकपाहणीला आले की पाटलांच्याच ओसरीवर टेकायचे. त्यांची बदली पार वरंगळला झाली, तेव्हा नवरात्राच्या तोंडावर ते निरोप घ्यायला आले आणि गाडीतून टोपली उतरवून घेतली. झाकण काढलं तर आत भुश्यावर एक कासव.

"पाटील, हैदराबादेत मुसी नदीला पूर आला त्या साली आमच्या घराची भिंत गेली, भांडीकुंडी गेली, आणि हे हौदाच्या कठड्यावर आरामात बसलेलं," गौससाहेब म्हणाले. "बेगम म्हणते, घरावरची बला यानं आपल्या पाठीवर घेतली. आता एवढ्या लांबच्या सफरीत हाल होतील बिचाऱ्याचे. तुमच्या घरात पूजापाठ आहे, सुखानं राहील."

पाटलांच्या पत्नी चंद्रभागाबाई दाराआडून बघत होत्या. सिंदफणा नदीतली कासवं त्यांनी पाहिली होती. चपटी, चिखलाच्या रंगाची, धुणं धुताना पायाखालचा दगडच सरकल्यासारखी निसटून जाणारी. हे त्यांच्या जातीचं दिसेना. पाठ घुमटासारखी, काळीभोर, आणि तिच्यावरच्या एकेका उंचवट्यावरून चहूकडं पिवळे किरण सुटलेले. कुणा सुवासिनीनं निवांत बसून एकेक चांदणी रेखावी, तसे. देवळात दगडी कासवावर डोकं टेकून मग आत जायचं, एवढंच बाईंना ठाऊक. इथं तर कूर्मदेव आपल्या पायानं चालत दारी आलेला. बाईंचे हात आपोआप जोडले गेले.

त्याच आठवड्यात त्यांची लेक सत्यभामा माहेरी आली होती. दोनदा कूस उजवायची राहिली होती तिची. दोन्ही वेळा अर्ध्यातच सगळं ओसरलं. आता तिसऱ्या खेपेला सासरच्यांनी सहावा महिना लागताच आईकडं धाडली. चंद्रभागाबाई मुळातच नेमाच्या. सोमवार, चतुर्थी, तुळशीला पाणी, पिंपळाला फेरा, सगळं न बोलता, गाजावाजा न करता चालायचं. घटस्थापनेला त्यांनी हातावर पाणी घेतलं आणि गावाजवळच्या देवीच्या टेकडीकडं तोंड करून हळू आवाजात म्हणाल्या, "रोज पहाटं कूर्मदेवाला न्हाऊ घालीन, माझ्या हातानं फूल भरवीन, मगच अन्नाला शिवीन. लेक सुखरूप मोकळी होईस्तोवर."

धाकटी जाऊ मुक्ताबाई जवळच वाती वळत होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण मनात काही राहत नसे. ती म्हणाली, "आक्का, देव लई निवांत हाय तुमचा. भरवायचा म्हणलं तर दुपार व्हायची."

"होऊ दी की," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "आपल्याला कुटं गाडी गाठायचीय?"

पण तसं काही झालं नाही. पहिले दोन महिने देव पहाटे वेळेवर जेवला आणि बाईही जेवल्या. उलट बाईंना त्या प्राण्याचा नादच लागला. फुलं त्याला आवडत, पण पांढरं फूल पुढं धरलं की तोंड फिरवी. जास्वंद दिसली की मात्र मान लांब करून भराभर येई. लाल रंगाचं त्याला एवढं वेड, की दसऱ्याला मुक्ताबाईनं पायाची नखं मेंदीनं रंगवली, तर ते अंगणभर तिच्या मागं. तिनं भाकरी थापायला बसावं आणि त्यानं येऊन अंगठ्याला कडकन चावा घ्यावा.

"आगं माय माय!" मुक्ताबाई परातीसकट उठली. "देव म्हणायचं का कोंबडा ह्याला?"

सत्यभामा पोट धरून हसली. कितीतरी दिवसांनी ती अशी हसली होती, म्हणून चंद्रभागाबाईंनी त्या अंगठ्याबद्दलही देवाचे आभार मानले.

आणखी किती गोष्टी! भीती वाटली की ते हातपाय ओढून घेई आणि आतून फुस्स आवाज येई, लोहाराचा भाता दाबावा तसा. एकदा ते पायरीवरून उलटं पडलं. बाई धावल्या, तर त्याआधीच त्यानं मान जमिनीला टेकून, पाय झाडून, उलट्याचं सुलटं केलं आणि काही झालंच नाही अशा थाटात चालू लागलं. परसातल्या निवडुंगाची बोंडं ते काट्यांसकट खाई. तोंड जांभळं करून फिरे. आंघोळीचं पाणी पडलं की मात्र मान आत. बाईंना वाटे, देव समाधीत गेला.

एक गोष्ट बाईंना काही केल्या कळेना. आत ओढलेलं अंग बाहेर काढताना ते आधी काय काढतं, मान की पाय? त्या टक लावून बसत आणि नेमकं त्याच वेळी चुलीवर दूध उतू जाई, नाहीतर कुणीतरी हाक मारी.

मार्गशीर्ष लागला. घराच्या सपाट माळवदावर पहाटे दव पडू लागलं, बैलांच्या नाकातून वाफा निघू लागल्या. धुंधुरमास सुरू झाला. पाटलांच्या घरी धुंधुरमास मोठा. सूर्य उगवायच्या आत देवाला नैवेद्य दाखवायचा, मुगाची खिचडी, बाजरीची तिळाची भाकरी, लोण्याचा गोळा, आणि सगळ्या घरानं चुलीभोवती बसून तोंड भाजत गरम गरम खायचं. चंद्रभागाबाई त्याआधी उठत, आडाचं पाणी शेंदत, स्वतः न्हात आणि तुळशीपाशी कासवावर तांब्याची धार धरत. मग जास्वंदीची पाकळी पुढं करत.

आधी ते हळू खाऊ लागलं. मग अर्धं फूल टाकू लागलं. मग एक दिवस मानच बाहेर काढीना.

बाई वाट बघत बसल्या. आतून खिचडीचा वास येत होता. पाटील आणि मुक्ताबाई जेवून उठली, सत्यभामा पानावर बसून राहिली.

"माय, तू येईस्तोवर मला घास उतरंना."

"तू जेव, लेकी. तुझं एकटीचं पोट न्हाई ते."

दुपार झाली तरी बाई कामातून उठून तुळशीपाशी जात, वाकून बघत. देव दगडासारखा गप्प. तुळशीवृंदावन घराच्या उत्तरेला, धाब्याच्या उंच भिंतीच्या सावलीत. थंडीत तिथं ऊन म्हणून फिरकत नसे. पण हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्या दिवशी बाई पाण्यावर राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं कशीबशी एक पाकळी ओढली, तेवढ्यावर बाईंनी भाकरी खाल्ली. मग पुन्हा उपास. असं होता होता आडावर पोहरा ओढताना त्यांना घेरी आली. मुक्ताबाईनं धरलं म्हणून, नाहीतर पोहऱ्यामागून बाई गेल्या असत्या.

पाटील संतापले, पण त्यांचा संताप म्हणजे आवाज अजून खाली जाणं. "चंद्रभागा, तू अशीच राहिलीस तर लेकीचं बाळंतपण कुनी करायचं? मी?"

"नेम तिच्यासाठीच हाय नव्हं," बाई म्हणाल्या. "तोडला आन् काय वंगाळ झालं, तर मी कुनाच्या तोंडाकडं बघू?"

पाटलांनी जोशीबुवांना बोलावलं. जोशीबुवा समजूतदार. ते म्हणाले, "मूळ वस्तू मिळाली नाही तर तिच्या जागी दुसरी चालते, असं शास्त्र आहे. कासव तेवढं कूर्मरूप. जे जेवतं त्याला भरवा."

पाटलांनी लगेच माणसं धाडली. दुसऱ्या सकाळपर्यंत माजलगावच्या बाजूनं कोळ्यांनी सिंदफणेतलं एक कासव आणलं आणि एका गाडीवानानं कुठल्याशा तळ्यातलं दुसरं. अंगण म्हणजे कासवांचा बाजार झाला.

नदीचं ते मऊ पाठीचं, नाक सोंडेसारखं पुढं आलेलं. त्याला गुरांच्या दगडी डोणीत सोडलं. बाईंनी फूल धरलं, तर त्यानं फुलाला हुंगलंही नाही. विजेसारखी मान बाहेर आली आणि बाईंचं बोट थोडक्यात वाचलं. मग डोणीत उडी मारलेला बेडूक त्यानं सगळ्यांच्या देखत गिळला.

मुक्ताबाईनं पदर तोंडाला लावला. "आक्का, ह्यो कूर्मदेव मटन खायलाय. आता नैवेद्याला काय करायचं, वशाट?"

तळ्यातलं दुसरं होतं काळं, लांबट, रागीट आणि विलक्षण घाण वासाचं. दिवसभर ओलसर कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसलं. दिवेलागणीला मात्र गुपचूप निघालं आणि भात, काकडी, केळीचं साल, पडेल ते खाऊन मोकळं झालं. बाईंनी दिलेलं फूलही त्यानं खाल्लं.

"झालं की!" पाटील म्हणाले. "आता जेव."

चंद्रभागाबाईंनी त्या काळ्या कासवाकडं बघितलं, मग तुळशीपाशी निपचित पडलेल्या चांदण्यांकडं. "धनी, शेजारणीच्या लेकरानं पोटभर खाल्लं म्हणून आपलं लेकरू जेवलं असं होतं का?" त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पाहुणे जिथून आले तिथं परत गेले. एक गोष्ट मात्र बाईंच्या मनात राहिली. एक दिवसा चावतं, एक दिवे लागल्यावर जेवतं; एकाला पाणीच घर, दुसऱ्याला ओलसर कोपरा. नाव एक, पाठ एक, पण तऱ्हा तीन. म्हणजे आपल्यालाही याची तऱ्हा कळलेलीच नसेल तर?

पहाटे न्हाऊ घालताना त्यांनी पहिल्यांदाच त्याच्या पाठीवर हात ठेवला, पूजेसाठी नाही, नुसता. पाठ वरवंट्यासारखी गार होती.

त्याच दिवशी छबुबाई सुईण सत्यभामेला बघायला आली. सत्यभामा परसात भांडी विसळत होती. छबुबाईनं तिचे हात हातात घेतले आणि भडकली. "पाटलीणबाई, ह्या दिवसांत पोरीला आडाच्या पाण्यात हात घालू देता? अंगातली ऊब गेली तर अन्न जिरतंय व्हय? हिला वर माळवदावर उन्हाला बसवा. पाठ शेकली की भूक आपुआप लागती."

चंद्रभागाबाई भांडी उचलता उचलता थांबल्या. सत्यभामेला हाताला धरून माळवदाचा जिना चढवला, घोंगडी अंथरली, तिची पाठ दक्षिणेच्या उन्हाकडं केली. मग खाली आल्या, तुळशीपाशी गेल्या, कासव पदरात घेतलं आणि तेही वर नेऊन लेकीच्या शेजारी ठेवलं.

"ह्याला कावून आणलंस, माय?"

"असंच. बसू दी तुझ्याजवळ."

बराच वेळ काही झालं नाही. सत्यभामा केस मोकळे करून विंचरत होती. माळवदावर वाळत घातलेल्या मिरच्यांचा वास नाकात चढत होता. बाईंनी पुन्हा पाठीला हात लावला. चांदण्या तापल्या होत्या, चुलीवरून उतरवून ठेवलेल्या तव्याइतक्या. आणि तेवढ्यात सत्यभामा ओरडली, "माय, निघालं, निघालं!"

बाई नेमक्या लेकीकडं बघत होत्या. आधी मान आली का पाय, ते पुन्हा हुकलंच. पण कासव उभं होतं. ते मिरच्यांकडं निघालं. लाल ना त्या! बाईंनी घाईनं त्याला वळवलं आणि सकाळची उरलेली जास्वंद पुढं धरली. त्यानं ती देठासकट खाल्ली. मग कोवळ्या करडईची पानं दिली, तीही खाल्ली.

बाईंनी त्या दिवशी उन्हात बसून भाकरी खाल्ली आणि सत्यभामेनं त्यांना वाढलं.

रात्रभर मात्र त्यांना झोप लागली नाही. कोडं सुटलं होतं, पण खरी गाठ पुढंच होती. हातावर पाणी घेऊन बोललेल्या होत्या त्या, रोज पहाटे न्हाऊ घालीन म्हणून. न्हाऊ घातलं तर ते गारठतं आणि खात नाही. न घालावं तर नेमाचं एक अंग तुटतं. आजवर एकही नेम त्यांच्या हातून अर्धा सुटलेला नव्हता.

सकाळी त्यांनी जोशीबुवांना गाठलं. "बुवा, देवाला थंडी वाजती का हो?"

जोशीबुवा हसले. "देवाला कसली थंडी, बाई?"

"मग धुंधुरमासात आपण देवाला ऊन पाण्यानं न्हाऊ घालतो, कानपट्टी बांधतो, शेला पांघरतो, ते?"

"ते आपल्या मायेसाठी," जोशीबुवा म्हणाले. "आणि खरं सांगू? देव सांगत नाही ना आपल्याला वाजते का नाही, म्हणून आपण आपल्यावरून ओळखायचं."

"आमचा देव सांगायलाय," बाई हळूच म्हणाल्या. "मीच ऐकत नव्हते."

त्या दिवसापासून तांब्या बंद झाला. बाई तुळशीपाशी दिवा लावत, कासवाला कोरड्या फडक्यानं पुसत, मनातल्या मनात क्षमा मागत. घरातली सगळी पहाटे खिचडी खात, आणि बाई सूर्य माळवदावर येईपर्यंत उपाशी बसत. ऊन आलं की दोघंही जेवत, आधी देव, मग त्या. मुक्ताबाई खालून ओरडे, "आक्का, सूर्य आला का तुमच्या देवाला उठवायला?" आणि सत्यभामा वरून उत्तर देई, "आलाय, पण अजून जांभया देतोय!"

भोगी चार दिवसांवर आली आणि सत्यभामेच्या पोटात कळा सुरू झाल्या. नेमकं त्याच दिवशी आभाळ भरून आलं. अवकाळी. सकाळपासून बारीक भुरभुर, आणि असा बोचरा वारा की गुरंसुद्धा गोठ्यातून हलेनात. माळवद ओलं झालं. सूर्य कुठंच नव्हता.

कासव वरवंटा झालं होतं.

छबुबाईनं बाळंतिणीच्या खोलीत बाज टाकली, शेगडीत निखारे भरले, ओव्याचा धूर केला. चंद्रभागाबाईंनी लेकीला मागून बगलेत धरलं. पण आदल्या दुपारपासून पोटात अन्न नव्हतं आणि कळ आली की सत्यभामा सगळा भार मागं टाकी. बाईंचे हात थरथरू लागले. एकदा तर दोघी भिंतीवर आदळल्या.

"तुमचे हात कापायलेत," छबुबाई फटकन म्हणाली. "आसं धराल लेकीला? जा, घास खाऊन या."

"माय, जेव की गं," सत्यभामा घामाघूम होऊन म्हणाली. "मला तुझाच आधार हाय."

बाईंनी मान हलवली. जेवणं म्हणजे याच घटकेला नेम तोडणं. न जेवणं म्हणजे याच घटकेला लेकीला सोडणं. त्या शेगडीकडं बघत राहिल्या. निखाऱ्यावर पांढरी राख धरत होती.

त्या उठल्या. भुरभुरीत तुळशीपाशी गेल्या, कासव उचललं, पदरानं पुसलं आणि खोलीच्या उंबऱ्याशी आल्या.

मुक्ताबाई दारात आडवी झाली. "आक्का, देवाला ह्या खोलीत? विटाळ हाय इथं! देवघरावर सुदिक पडदा टाकलाय आपण."

"मुक्ते," चंद्रभागाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता, "आज घरात ऊब एकाच जागी हाय. लेकीला ती लागती, देवाला बी लागती. मी दोघांसाठी दोन सूर्य कुठून आणू?"

मुक्ताबाई बाजूला झाली. तिनंच कोपऱ्यातली गोधडी शेगडीपासून हातभर अंतरावर अंथरली. छबुबाईनं कपाळाला हात लावला. "आजवर लई बाळंतपणं केली, देव शेकायला आलेला पयल्यांदाच बघते."

कळ आली, गेली. पुन्हा आली. बाई लेकीला धरत होत्या, डोळा गोधडीवर होता. चांदण्यांवरचा ओलावा सुकला. मग दोन कळांच्या मधल्या शांततेत सत्यभामा डोकं टेकून पडली असता, कासवाचं अंग हललं. या वेळी बाईंची नजर तिथंच होती. आधी उजवा पाय आला, सावकाश, जमीन चाचपत. मग डावा. मग मान, आणि मणीदार डोळा, जो सरळ निखाऱ्यांच्या लालीकडं बघत होता.

"तिकडं न्हाई, देवा," बाई पुटपुटल्या आणि शेगडीच्या उलट्या बाजूनं जास्वंद पुढं धरली.

कासवानं फूल खाल्लं.

"खाल्लं!" सत्यभामा वेदनेतून हसली. "आता पळ, माय!"

मुक्ताबाईनं दारातच भाकरीवर लोणी लावून ठेवलं होतं. चंद्रभागाबाईंनी उभ्या उभ्या, घाईत, पहिल्यांदाच आयुष्यात पान न मांडता भाकरी खाल्ली, वर घोटभर ऊन दूध प्याल्या आणि हात पुसून लेकीच्या मागं जाऊन बसल्या. या वेळी हात कापले नाहीत.

दिवेलागणीच्या आधी मुलगी झाली. रडली ती एवढ्या जोरात की ओसरीवर पाटील उठून उभे राहिले. कासव तेवढ्यात बाजेखाली गेलं होतं आणि तिथून निघायला तयार नव्हतं. छबुबाईनं वाकून बघितलं आणि सोडून दिलं. "राहू दी. आता ह्योबी बाळंतीणच."

दुसऱ्या दिवशी आभाळ निवळलं आणि लख्ख ऊन पडलं. मुक्ताबाईनं खिचडीचं ताट वाढून हाक मारली, "आक्का, या आता! लेक मोकळी झाली, नेम फिटला. आज तरी पयल्या पंगतीला बसा."

चंद्रभागाबाई माळवदावर होत्या, कासवासमोर गुडघे मुडपून. "आलेच," त्या वरून म्हणाल्या. "जरा थांब. काल उजवा पाय आधी काढलाता. आज बी तोच काढतं का, तेवढं बघून येते."